मंगळ्यासाठी गाडीला विचारलं तेव्हा

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात एक सभा झाली. विषय एकच: सोनवणे क्लार्कांनी आपला पामेरियन कुत्रा समाजमंदिरात आणावा की आणू नये. सोनवणे रोज संध्याकाळी तिथल्या खोलीत पेपर वाचायला येतात, कुत्रा त्यांच्या पायाशी बसतो, आणि त्यांचा पेपर वाचून होण्याची वाट बघणाऱ्यांना तो खपत नाही, असा एकूण मामला. एक बाजू म्हणाली, सार्वजनिक जागा माणसांची. दुसरी म्हणाली, काही माणसांपेक्षा तो कुत्रा शांत बसतो. मग 'काही माणसं' म्हणजे कोण, यावर सभेचा बराच वेळ गेला. शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं एसटीत कंडक्टर होता. भांडणं तुम्हाला नवी नाहीत आणि कुत्रीही. तुम्ही सांगा."

मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि परत बसलो. गच्च भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणारा माझा आवाज सभेत उभं राहिलं की घशातून बाहेर येत नाही. लिहून देतो, एवढंच पुटपुटलो. घरी आल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "मंगळ्याची गोष्ट सांगायची होती. आम्हाला तर दर दिवाळीला फराळाबरोबर वाढता." त्यावर मुलगी म्हणाली, "आणि दर वर्षी तो कुत्रा थोडा मोठा होतो."

म्हणून यंदा लिहूनच काढतोय. लिहिलेला कुत्रा वाढत नाही.

आधी एक गोष्ट कबूल केलेली बरी, कारण घरचे नाहीतरी सांगणारच. मी कुत्र्यांना भितो. लहानपणी सायखेड्याला, गोदावरीच्या काठी, एका कुत्र्यानं माझी पोटरी धरली होती. त्या काळी पिसाळलेल्या कुत्र्याचा संशय आला की पोटात, बेंबीच्या आजूबाजूला इंजेक्शनं घ्यावी लागत. रोज एक. वडील मला रोज नाशिकला घेऊन यायचे. पोट फुगून असं टणक व्हायचं की चड्डीची नाडी बांधताना रडू यायचं. तेव्हापासून एखादा कुत्रा कितीही प्रेमानं शेपूट हलवत आला तरी मला त्याची शेपूट दिसतच नाही, दातच दिसतात. आणि नेमक्या अशा माणसाला नोकरी मिळाली ती दाराशी उभं राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी भेटण्याची.

कंडक्टरचं काम म्हणजे तिकिटं फाडणं, असा लोकांचा समज असतो. तिकीट फाडायला पेटी आणि चिमटा पुरतात. खरं काम असतं ते एकमेकांना न ओळखणारी साठ माणसं एका पत्र्याच्या खोलीत तीन-चार तास नांदवण्याचं. त्यासाठी कंडक्टरच्या हातात एक दोरी असते, ती पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घंटीला बांधलेली असते. एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. बाकी सगळा कारभार तोंडानं.

नोकरीला लागलो तेव्हा ज्या जुन्या कंडक्टरच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी जनावरांचा कायदा मला उभ्याउभ्याच सांगितला. कोंबडी पाटीत. बकरी टपावर. कुत्रं मात्र गाडीला विचारून. म्हणजे कुत्र्याच्या मालकाला पायरीवरच थांबवायचं, आत वळायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं, "कुत्रं आहे. कोणाची हरकत?" एकाची जरी हरकत निघाली तरी कुत्रं खाली. हा नियम छापलेला होता की त्यांच्या पोटातून आलेला, हे मी कधी शोधायला गेलो नाही. माझ्या पोटाला तो फार सोयीचा होता. गाडीत हरकत घेणारा एक तरी माणूस सापडतोच.

पण विचारताना मला दर वेळी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं, त्याचं कारण वेगळं. माझ्या वडिलांच्या लहानपणी सायखेड्याहून नाशिकला खाजगी सर्व्हिस मोटार यायची. मोटारवाला त्यांना खाली उभं करून आतल्या लोकांना विचारायचा, हा बसला तर चालेल का? कधी चालायचं, कधी नाही चालायचं. नाही चाललं की पायी. वडील हे रागानं सांगत नसत. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं सांगत. मी पहिल्यांदा खाकी कपड्यात घरी गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या छातीवरचा बिल्ला बोटांनी चाचपून पाहिला आणि म्हणाले, "आता कोणाला विचारू नको. घंटी दे."

माणसांबद्दल मी कधीच कोणाला विचारलं नाही. कुत्र्यांबद्दल विचारत राहिलो.

देवळाली कॅम्पच्या गाडीवर असताना एकदा एका साहेबाचा ऑर्डर्ली साहेबाचा अल्सेशियन घेऊन आला. त्याला नाशिकला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी गाडीला विचारलं. त्या कुत्र्यानं पायरीवरूनच एकेका माणसाकडे सावकाश पाहून घेतलं आणि कोणाचीही हरकत निघाली नाही. त्याला वारा लागावा म्हणून एका पेन्शनर गृहस्थांनी आपण होऊन खिडकीची जागा सोडली. मी तिकिटं गाडीच्या मध्यापर्यंत फाडली आणि पुढच्यांना सांगितलं की पैसे हातोहात मागं द्या, तिकिटं हातोहात पुढं येतील. ऑर्डर्ली मला म्हणाला, "मास्तर, ये कुछ नहीं करता." मी म्हणालो, "मग मीपण काही करत नाही."

एकदा एका बाईंनी शहरातल्या गाडीत पिशवीतून पिल्लू आणलं होतं, भाजीखाली लपवून. मला पत्ताच नाही. मी थांब्याची घंटी ओढली की कुठूनतरी एक भुंकणं यायचं. दोरी ओढली, भुंकलं. परत ओढली, परत भुंकलं. लोक पिशवीकडे बघेनात, माझ्याकडे बघू लागले. चार थांबे मी माझ्याच घशावर संशय घेत घालवले, शेवटी मेथीच्या जुडीतून एक नाक वर आलं.

ही झाली हसण्यावारी न्यायची कुत्री. मंगळ्या तसा नव्हता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मला सुरगाण्याची मुक्कामी गाडी मिळाली होती. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी जाऊन तिथंच वस्ती करायची आणि उजाडता उजाडता तीच गाडी घेऊन नाशिकला परतायचं. ड्रायव्हर होते काशिनाथदादा, माझ्याहून वयानं मोठे, घाटात बोलायचे नाहीत आणि सपाटीवर गप्प बसायचे नाहीत. दिवाळी होऊन गेलेली, भात-नागलीची कापणी उरकलेली, थंडी चांगलीच पडलेली. गाडी सुरगाण्यातच भरली होती. पुढच्या बाकावर भगवानशेठ, नागलीचे व्यापारी, नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांच्या मागं झेडपीच्या शाळेतले देवरे गुरुजी. बायकांच्या बाकावर वणीची एक म्हातारी, लेकीचं बाळंतपण करून परत निघालेली. आणि मागं मळ्यांच्या कामाला खाली निघालेली पाड्यांवरची माणसं, पोराबाळांसकट, भांड्याकुंड्यांसकट.

बोरगाव यायच्या आधी एका फाट्यावर एक बाई हात करून उभी होती. मी घंटी ओढली, गाडी थांबली, दार उघडलं आणि माझा हात दारावरच राहिला. तिच्याजवळ दोरीला बांधलेला एक पिवळट कुत्रा होता, आणि त्याचं तोंड लुगड्याच्या चिंधीनं घट्ट आवळून बांधलेलं होतं.

सवयीनं मी आत वळलो. "कुत्रं आहे. कोणाची हरकत?"

भगवानशेठ वाकून बघत म्हणाले, "त्याचं तोंड का बांधलंय, ते इचारा आधी."

इथं ती बाई काहीही सांगू शकली असती. भुंकतो म्हणून, नवा आहे म्हणून, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतो म्हणून. ती म्हणाली, "मना पोरीला चावला."

गाडीत एकदम हालचाल झाली. भगवानशेठनी दोन्ही पाय उचलून बाकावर मांडी घातली. आयांनी पोरं मांडीवर ओढली. मी स्वतः पायरीवरून दोन पावलं आत कधी आलो ते मला कळलं नाही. हरकत कोणाची, हे विचारायचं कारणच उरलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "कुत्र्याबरोबर बाईलापण राहू द्या खालीच." त्याला एकदोघं हसले.

तिची बोली डोंगराकडची, अर्धी कोकणी, मला पुरती लिहिता येणार नाही. पण तिनं जे सांगितलं ते असं. तिचं नाव सोमी. पोरीचं सुकरी. कुत्रा मंगळ्या. त्यांच्या घरात माणसं असोत की जनावरं, ज्या वारी आली त्या वाराचं नाव. मंगळ्या भाकरी खात असताना सुकरीनं ती ओढली आणि त्यानं तिचा हात धरला. पाड्यावरच्या लोकांनी काठ्या काढल्या. चावलेलं कुत्रं मारायचं, हीच रीत. पण सोमी आणि तिचा नवरा पोरीला घेऊन नाशिकच्या सरकारी दवाखान्यात गेले, तर तिथले डॉक्टर म्हणाले, कुत्रा मारू नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस बघा. खातो का, पाणी पितो का, नीट आहे का. नीट राहिला तर पोरीची इंजेक्शनं थांबवू. मेला किंवा पिसाळला तर सगळी पुरी करावी लागतील. आणि कोणीतरी येऊन मला सांगा.

नवरा पोरीला घेऊन दवाखान्याच्या ओसरीवर राहिला, पोटात रोज सुई. सोमी एकटी पाड्यावर परत आली, कुत्रा जगवायला. लोकांनी काठ्या खाली ठेवल्या नव्हत्या, नुसत्या भिंतीला टेकवल्या होत्या. तिनं मंगळ्याला घरात बांधला आणि स्वतः दारात आडवी झोपली. त्याच्याकडे यायचं तर आधी तिच्यावर पाय द्यावा लागला असता. ते दहा दिवस काल संपले होते.

गुरुजींनी विचारलं, तेही मायेनंच, की मग बाई तू नुसती जाऊन सांग ना, कुत्र्याला कशाला ओढतेस?

"मी एकलीच जाऊन बोलले जगला आहा, ता कोण मानील गुरुजी," ती म्हणाली. "म्हणून त्यालाच आनला."

आमच्या सौ. ही गोष्ट ऐकताना दर वेळी इथं सुपारी कातरायच्या थांबतात. डॉक्टरांनी फक्त निरोप मागितला होता. आपण कोणीही निरोप घेऊन गेलो असतो आणि डॉक्टरांनी आपला शब्द मानला असता, हे आपण धरूनच चाललो असतो. तिच्या आयुष्यात तिचा शब्द कोणत्याही खिडकीवर मानला गेला नव्हता. म्हणून निरोपाच्या जागी तिनं सबंध कुत्रा आणला होता.

गुरुजींना वाईट वाटलं असणार, पण ते शाळेतले होते, पोरांचा विचार आधी. ते मला म्हणाले, "मास्तर, हिचं सगळं खरं असेल. पण हा इथं कोणाला चावला तर? मागं लहान मुलं आहेत. जबाबदार कोण?" आणि मी आजही सांगतो, गुरुजींची हरकत बरोबर होती. मला तर ती फारच बरोबर वाटली.

मी तिला म्हणालो, "बाई, गाडीची हरकत आहे. उतरावं लागेल."

ती रडली नाही, हात जोडले नाहीत. पायरीवरून खाली उतरली, रस्त्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "चालत गेले ता आज पोचन का?"

तिला खरंच माहिती हवी होती. टोमणा नव्हता, विनवणी नव्हती. परत पाड्यावर नेला तर मंगळ्या संध्याकाळ बघणार नाही, आणि तो मेला की नाशिकला सुकरीच्या पोटातल्या सुया थांबणार नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं. तेव्हा आता नाशिक किती लांब, एवढाच प्रश्न उरला होता. बोरगाव, मग वणी, मग दिंडोरी, मग नाशिक. मी तोंड उघडलं पण मला ते अंतर सांगता येईना. रोज त्याच अंतराची तिकिटं फाडणारा मी.

उत्तर दिलं काशिनाथदादांनी. "नाही पोचणार, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झालं की एसटी कशी होते हे नेहमीच्या प्रवाशांना विचारा. इतका वेळ सगळ्यांच्या बोलण्याला त्या घरघरीचा आडोसा असतो. तो गेला की प्रत्येकाला आपण काय बोललो ते ऐकू येतं.

वणीची म्हातारी बायकांच्या बाकावरून उठली आणि दारापाशी आली. "पानी पितंय का गं ते?"

"पेय. रोज सकाळी पाजते. दागतर बोलला तसा."

"मंग पाज. आमच्यादेखत पाज."

पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. गाडीत सगळे एका बाजूला झुकले आणि खिडक्यांतून डोकी बाहेर आली. आता पाणी कुठून आणायचं? माझा फिरकीचा तांब्या ड्रायव्हरच्या मागं खिळ्याला टांगलेला होता. सगळ्यांनी आधी तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी तांब्या घेऊन खाली उतरलो. मुलगी म्हणते की दर वर्षी मी इथं 'निर्भयपणे उतरलो' म्हणतो. लिहून देताना खरं लिहावं लागतं. झाकणाची फिरकी उलटीकडे फिरवावी लागते हे मला आठवेना. ती म्हातारीनं उघडून दिली.

सोमी रस्त्यावर उकिडवी बसली. तिनं मंगळ्याच्या तोंडाची चिंधी सोडली. सोडताना गाडीतून एक श्वास एकाच वेळी आत गेलेला मी ऐकला. मग तिनं आपली ओंजळ त्याच्या तोंडापुढं धरली. परातीत नाही, पानावर नाही, स्वतःच्या ओंजळीत. दहा दिवसांत काही चुकलं असेल तर दात पहिल्यांदा तिथंच लागणार होते. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "टाक, भाऊ."

मी ओतलं. अर्धं तिच्या मनगटावर गेलं.

मंगळ्यानं वास घेतला. क्षणभर तसाच थांबला. मग त्याची जीभ बाहेर आली आणि तो प्यायला लागला. लपलप, लपलप. दुसरा आवाज नव्हता. थंडीच्या सकाळी, डोंगरातल्या त्या फाट्यावर एवढी माणसं एका कुत्र्याचं पाणी पिणं ऐकत होती. मी देवळांत गेलोय, विहारांत गेलोय, मोठ्या सभांना गेलोय. इतकी माणसं इतकी एकचित्त झालेली मी पुन्हा पाहिली नाहीत. ओंजळ संपली. त्यानं तिचे तळवे चाटले आणि तांब्याकडे मान वळवली. मी पुन्हा ओतलं. या वेळी सांडलं नाही.

प्यायल्यावर त्यानं अंग झटकलं आणि थेंब उडाले, काही माझ्या तोंडावर. कोणीतरी हसलं, पण ते हसणं मघाचं नव्हतं. सोमीनं कोणीही न सांगता चिंधी पुन्हा घट्ट बांधली आणि उभी राहिली. गाडीत यायला नाही, नुसती उभी. मी वर पाहिलं. कोणी 'चालेल' म्हणालं नाही, 'हरकत नाही' म्हणालं नाही. बायकांच्या बाकावर म्हातारी सरकून बसली आणि बाकावरची मोकळी जागा तिनं पदरानं पुसली. गुरुजींनी मागच्या पोरांना मधल्या वाटेतून उचलून खिडकीकडे बसवलं. भगवानशेठ मात्र पाय वर घेऊनच बसून राहिले. मी दोन घंट्या दिल्या.

नाशिकपर्यंत त्या कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही. सोमीनं त्याच्या पाठीवर आपलं पाऊल ठेवलं होतं, दाबून नाही, नुसतं टेकवून. मी दर थोड्या वेळानं त्याच्याकडे बघत होतो आणि प्रत्येक वेळी तिच्याकडेच बघत राहत होतो. दहा दिवस दारात झोपलेली बाई बसल्या जागी डुलक्या घेत होती, पण पाऊल हललं नाही.

स्टँडवर गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, दवाखान्याच्या गेटवर तिला अडवतील. तुमच्या खाकीचा उपयोग होईल." परतीची गाडी दुपारची होती. हिशेब देऊन मी निघालो. दवाखाना तिथून चालत जाण्यासारखा.

गेटवरच्या वॉचमननं अडवलंच. कुत्र्याला आत बंदी. मी तोऱ्यात विचारलं, "कोणाची हरकत?" तो शांतपणे म्हणाला, "बोर्डाची," आणि माझ्या डोक्यावरचा बोर्ड दाखवला. त्याचंही बरोबर होतं. दवाखाना आजाऱ्यांचा. मग एकच उपाय उरला. सोमीनं दोरी माझ्या हातात दिली आणि आत गेली.

मी आणि मंगळ्या गेटबाहेर राहिलो. दोरी माझ्या हाताहून आखूड होती, निदान मला तशी वाटत होती. मी त्याच्याकडे बघत नव्हतो आणि तोही माझ्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता. जाणारे-येणारे माझ्या खाकीकडे, कुत्र्याच्या बांधलेल्या तोंडाकडे पाहून वळसा घालत होते. थोड्या वेळानं तो खाली बसला आणि त्यानं आपला सगळा भार माझ्या पोटरीवर टाकला. त्याच पोटरीवर. मी हललो नाही. भीतीनं हललो नाही की आणखी कशानं, हे मला सांगता येणार नाही. पण त्याच्या अंगाची ऊब पँटमधून लागत होती, आणि मला एकदम माझे वडील आठवले, रोज माझा हात धरून याच रस्त्यानं येणारे.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. तरुण होते. मागं सोमी, आणि तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर सुकरी. डॉक्टर मंगळ्यासमोर उकिडवे बसले, त्याच्या डोळ्यांत पाहिलं, चालवून पाहिलं, सोमीला चार प्रश्न विचारले. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की हा गाडीदेखत पाणी प्यायला. ते म्हणाले, पाणी प्यायला म्हणून कुत्रा चांगला, असं नसतं. सुरुवातीला पिसाळलेलं कुत्रंही पितं. चावल्यानंतर तो दहा दिवस जगला आणि धड राहिला, हे खरं. म्हणजे आमच्या सगळ्या गाडीनं सकाळी एक चुकीची परीक्षा घेतली होती आणि आम्हीच तिच्यात पास झालो होतो. खरी परीक्षा सोमीनं पाड्यावर एकटीनं दिली होती.

मग डॉक्टर उठले. "माझ्याकडे लोक येतात ते कुत्रा मारला म्हणून सांगायला," ते म्हणाले. "जिवंत कुत्रा घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं." आणि सोमीकडे वळून म्हणाले, "आजपासून सुई बंद."

तिला ते लगेच कळलं नाही. नवऱ्याला कळलं, त्यानं पोरीला खाली ठेवलं. सुकरी फ्रॉक पोटापासून धरून उभी होती, कापड पोटाला लागू नये म्हणून. मला ते धरणं माहीत होतं. तिनं मंगळ्याकडे लांबूनच खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बारीक झाला." झालाच होता. सोमीही झाली होती, पण ते फक्त नवऱ्यानं पाहिलं.

आता सभेचं उत्तर. सार्वजनिक जागेत कुत्रं आणावं का? माझं मत तेच आहे जे कंडक्टर असताना होतं. विचारल्याशिवाय आणू नये. जो भितो त्याचीही ती जागा असते, आणि भिणाऱ्यांत मी पहिला. गुरुजी बरोबर होते, वॉचमन बरोबर होता. पण हरकत घेणाऱ्यानं आधी खिडकीतून डोकं बाहेर काढून नीट बघावं, एवढं मी त्या फाट्यावर शिकलो. तेव्हा सोनवण्यांनी पुढच्या सभेला कुत्रा समाजमंदिराच्या पायरीवर आणावा आणि सगळ्यांनी बघून मग बोलावं. पेपर वाचताना दोरी धरायला कोणी हवं असेल तर मी धरतो. हात थरथरले तर हसू नये.

त्या दिवशी दुपारी परतीची गाडी लागली. तशीच गच्च, पण माणसं सगळी नवी. गुरुजी नव्हते, म्हातारी वणीला उतरून गेलेली. सकाळचे एकटे भगवानशेठ होते, मिठाची पोती टपावर चढवून पुढच्या बाकावर बसलेले. पायरीशी सोमी, तिचा नवरा, सुकरी आणि दोरीला मंगळ्या. तोंड अजून बांधलेलं. मी त्यांना थांबवलं, नेहमीसारखा आत वळलो आणि विचारायला तोंड उघडलं.

भगवानशेठचे पाय खाली होते. दोन्ही. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, बाकाखाली जागा केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता इचारू नका, मास्तर. घंटी द्या."

माझा हात दोरीला गेला आणि तिथंच थोडा थांबला. वडिलांच्या लहानपणीच्या सायखेड्याच्या रस्त्यावर एक मुलगा मोटारीच्या दाराशी उभा होता आणि आतलं उत्तर ऐकत होता.

मी दोनदा ओढली.